मेपल लीफ्सची पुढची पिढी: मार्लीज आणि ज्युनियरमधली पोरं जोखायची कशी?

ब्रॅम्प्टनचा_बंड्या

मंडळी, २०२५ च्या मे महिन्यात लीफ्स (आइस हॉकीच्या सर्वोच्च लीगमधला, म्हणजे एनएचएलमधला टोरांटोचा संघ) प्लेऑफमध्ये फ्लोरिडाकडून सातव्या सामन्यात हरले, उन्हाळ्यात आपला फॉरवर्ड मार्नर वेगासला गेला आणि आता सप्टेंबरचा सराव कॅम्प तोंडावर आलाय. आमच्या ऑफिसात रोज एकच पालुपद ऐकू येतं: "यांच्याकडे पुढची पोरंच नाहीत, कोठार रिकामं आहे." मला ते पटत नाही. पण कोठार भरलंय असं छातीठोकपणे सांगावं, तर तेही जमत नाही.

परिस्थिती अशी. दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये संघ पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात; त्यातली आपली २०२५ ची पहिल्या फेरीची निवड मॅककेबला आणण्याच्या सौद्यात शिकागोला गेलेली. २०२६ ची यंदा मार्चमध्ये कार्लोसाठी बोस्टनला दिली, २०२७ ची लॉटनसाठी फिलाडेल्फियाला. दोन्हींना अटी आहेत, पण गेल्याच असं धरून चला. त्याच सौद्यांत मिंटन आणि ग्रेबेंकिन हे तयार होत आलेले दोघेही गेले. यंदाच्या ड्राफ्टमध्ये आपली पहिली निवड थेट ६४ व्या क्रमांकावर आली, नॉर्वेचा टिनुस लुक कोब्लार.

मग उरलं कोण? फॉरवर्ड ईस्टन कोवन (२०२३, २८ वा), डिफेन्समन बेन डॅनफर्ड (२०२४, ३१ वा), गोली डेनिस हिल्डेबी आणि आर्तुर अख्त्यामोव (दोघेही चौथ्या फेरीतले), आणि मार्लीजमधली (लीफ्सचा एएचएलमधला, म्हणजे एका पायरीने खालच्या लीगमधला संघ) बाकीची मंडळी.

तुम्ही लोक ही मुलं कशावरून जोखता? नुसते पॉइंट (गोल अधिक असिस्ट) बघून? वय? की डोळ्यांनी बघितल्याशिवाय काहीच खरं नाही? प्रत्येकाने आपली पद्धत सांगा, आणि त्या पद्धतीने आपल्या पोरांचा क्रम लावून दाखवा.

---

डेटाभट

आधी वय, मग लीग, मग पॉइंट. हा क्रम उलटा केला की फसगत होते.

ओएचएलमध्ये (ओंटारियोची ज्युनियर लीग) १६ ते २० वर्षांची मुलं एकत्र खेळतात. तिथे सतराव्या वर्षी सामन्यामागे एक पॉइंट काढणारा आणि विसाव्या वर्षी तेवढेच काढणारा, हे दोन वेगळे खेळाडू. एएचएलमधला एक पॉइंट एनएचएलमध्ये ढोबळमानाने अर्ध्याहूनही कमी भरतो, आणि ओएचएलमधला त्याहून कमी.

आता कोवन घ्या. ड्राफ्टच्या हंगामात ६८ सामन्यांत ५३ पॉइंट. पुढच्या हंगामात ५४ सामन्यांत ९६. त्याच्या पुढच्या, म्हणजे गेल्या हंगामात ४६ सामन्यांत ६९. पहिल्यातून दुसऱ्यात मोठी उडी, आणि एकोणिसाव्या वर्षी वर जायच्या ऐवजी सामन्यामागचा आकडा खाली. मला हे खटकतं. सगळे त्याला पहिल्या क्रमांकावर ठेवतील, मीही ठेवीन, पण पहिल्या दोन ओळींत (फॉरवर्डांच्या चार तुकड्यांतल्या वरच्या दोन) खेळेल असं आज म्हणणार नाही.

---

लंडनकर_ओंटारियो

डेटाभट, आकडे बरोबर आहेत, पण त्यावरचा निष्कर्ष मला मान्य नाही. मी लंडन नाइट्सचा, म्हणजे कोवनच्या ओएचएल संघाचा, हंगामी तिकीटधारक आहे. हा पोरगा दोन वर्षं मी काचेजवळून बघितलाय.

गेल्या वर्षी आमच्या संघात इतके चांगले फॉरवर्ड होते की नियमित हंगामात कुणालाच जीव तोडून खेळायची गरज नव्हती. खरी परीक्षा एप्रिल-मे मध्ये. नाइट्सनी सलग दुसऱ्यांदा ओएचएल जिंकली, मग रिमूस्कीत झालेल्या मेमोरियल कपच्या (कॅनडाच्या ज्युनियर विजेत्यांची स्पर्धा) फायनलमध्ये मेडिसिन हॅटला ४-१ ने हरवलं, आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू कोवन. त्याच्या आदल्या वर्षी तो ओएचएलचा सर्वोत्तम खेळाडू होता. सलग ६५ सामन्यांत किमान एक पॉइंट, प्लेऑफ धरून. हे नशिबाने होत नाही.

आणि पॉइंटपेक्षा मला त्याची दुसरी गोष्ट आवडते. प्रतिस्पर्धी डिफेन्समन कोपऱ्यात पक (खेळाची रबरी चकती) उचलायला वळला की कोवन सरळ अंगावर जात नाही. आधी तो मधला पास बंद करतो, स्टिक बर्फावर आडवी ठेवतो, म्हणजे समोरच्याला बोर्डाच्या कडेने पक ढकलण्यावाचून पर्याय राहत नाही. आणि मग त्या कडेला तो आधीच पोचलेला असतो. पेनल्टी किलवरही (आपला एक खेळाडू कमी असताना) कोच हंटर त्याला सर्रास पाठवायचे. लीफ्सच्या बेरुबेसारख्या कोचला असा मुलगा तिसऱ्या ओळीत पहिल्या दिवसापासून वापरता येतो, आणि तिथून वर चढायची वाट खुली राहते.

---

डेटाभट

@लंडनकर, चांगला संघ हे दुधारी शस्त्र आहे. पॉइंट कमी झाले तर "संघ चांगला म्हणून गरज पडली नाही", आणि जास्त झाले तर? तेव्हाही संघ चांगलाच होता ना. ज्युनियरमध्ये कुणाबरोबर खेळतो, पॉवरप्लेवर (समोरचा एक खेळाडू कमी असताना) किती मिनिटं मिळतात, हे दोन्ही बाजूंनी मोजायला हवं.

---

निळा_सदरा

निक रॉबर्टसनचं नाव कुणी घेतलं नाही अजून? २०१९-२० मध्ये पीटरबरोकडून ४६ सामन्यांत ५५ गोल. पंचावन्न! आम्ही तेव्हा घरात पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. गेल्या हंगामात एनएचएलमध्ये १५ गोल. वाईट खेळाडू नाही, दुखापतींनीही छळलं त्याला, पण त्या ५५ वरून आम्ही बांधलेले इमले कुठल्या कुठे राहिले.

---

विरारचा_विन्या

नमस्कार. मला हॉकी फारशी कळत नाही, भाऊ मिसिसागाला असतो म्हणून सामने बघतो. एएचएल म्हणजे आपली रणजी असं धरून वाचतोय. चालेल ना?

---

ब्रॅम्प्टनचा_बंड्या

@विन्या, बऱ्यापैकी चालेल. फरक एवढाच की एएचएलचा प्रत्येक संघ कुठल्या ना कुठल्या एनएचएल संघाशी बांधलेला असतो. टोरांटो मार्लीज आपल्याच मालकीचे, खेळतातही याच शहरात, एक्झिबिशन प्लेसच्या कोलिसियममध्ये. संध्याकाळी फोन आला तर पोरगं ट्रामने लीफ्सच्या रिंकवर पोचेल एवढं अंतर.

---

विरारचा_विन्या

मग मला एकच नाव सुचतं. अमोल मुझुमदार. रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध २६०. प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा. भारताकडून एकही सामना नाही, कारण मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण ठाण मांडून बसलेले. खेळाडू कमी पडला असं कोण म्हणेल? वर जागाच नव्हती. तुमच्या मार्लीजमध्येही असे असतील.

---

स्कारबरोचे_नाना

विन्या, हॉकी कळत नाही म्हणता आणि नेमकं मर्मावर बोट ठेवलंत.

आमच्याकडे ॲलेक्स स्टीव्हझ होता. ड्राफ्टमध्ये कुणी घेतला नाही, नोत्र दाम कॉलेजमधून आला. गेल्या हंगामात मार्लीजसाठी ३६ गोल मारले. संघाच्या इतिहासात सर्वाधिक गोल त्याच्या नावावर आहेत. लीफ्सकडून खेळायला मिळाले मोजकेच सामने. या उन्हाळ्यात तो बोस्टनला गेला, आणि मी त्याला मनापासून शुभेच्छा दिल्या.

पण इथे एक भेद करायला हवा. मुझुमदारला वर संधी मिळाली असती तर तो तोच खेळ खेळला असता. एएचएलमध्ये पॉवरप्लेवर गोल मारणाऱ्याला लीफ्समध्ये चौथ्या ओळीत जागा असते, आणि तिथलं काम निराळं: पक आत टाका, मागे धावा, धडक द्या, शॉट अंगावर घ्या, चाळीस सेकंदांत परत या. म्हणून एएचएलच्या गोलवीराकडे बघताना मी विचारतो, याच्याकडून गोल करायचं काम काढून घेतलं तर उरतं काय?

बॉबी मॅकमॅन या प्रश्नाला पुरून उरला. तोही ड्राफ्टबाहेरचा. कोलगेट कॉलेज, मग ईसीएचएलमध्ये विचिटा, म्हणजे तिसऱ्या पायरीवर, मग मार्लीज. त्याच्याकडे वेग होता, अंगात ताकद होती, आणि चौथ्या ओळीत खेळायची तयारी होती. गेल्या हंगामात लीफ्ससाठी २० गोल. त्याच्या वयाकडे बघून विशीतच फुली मारली असती तर हा खेळाडू हातून गेला असता.

---

डेटाभट

+१ नाना. मात्र मॅकमॅनसारखे अपवाद लक्षात राहतात, कारण ते यशस्वी झाले. त्याच वाटेने आलेले आणि परत गेलेले शेकडो आपल्याला आठवतही नाहीत.

---

कोल्हापूरची_रेवा

एक बाळबोध प्रश्न. हा डॅनफर्ड एवढा चांगला आहे तर त्याला सरळ मार्लीजमध्ये का घेत नाहीत? त्याचं ऑशवा तर शेजारीच आहे.

---

निळा_सदरा

@रेवा, नियम आड येतो. कॅनडाच्या तीन मोठ्या ज्युनियर लीगमधून ड्राफ्ट झालेला मुलगा त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत वीस वर्षांचा होत नसेल, आणि ज्युनियरमध्ये त्याचे चार हंगामही पूर्ण झाले नसतील, तर त्याला एएचएलमध्ये पाठवता येत नाही. एकतर थेट एनएचएल, नाहीतर परत ज्युनियर. गेल्या वर्षी कोवनचं हेच झालं. ओएचएलमध्ये सिद्ध करण्यासारखं काही उरलं नव्हतं, लीफ्समध्ये खेळण्याइतका तयार नव्हता, आणि मधली पायरी बंद. यंदा तो वीसचा झाला, म्हणून मार्लीजचं दार उघडलं. डॅनफर्ड २००६ चा, त्याला अजून वर्षभर थांबावं लागेल.

युरोपातून किंवा कॉलेजातून येणाऱ्यांना ही अट नाही. आणि या जुलैत मंजूर झालेल्या, एनएचएल आणि खेळाडू संघटनेच्या नव्या करारानुसार २०२६-२७ पासून प्रत्येक क्लबला असा एक १९ वर्षांचा मुलगा एएचएलला पाठवायची वाट मोकळी होणार आहे. माझ्या मते हे फार आधीच व्हायला हवं होतं. एकोणिसाव्या वर्षी सोप्या लीगमध्ये राहून मुलांना वाईट सवयी लागतात. पक जास्त वेळ स्वतःकडे ठेवणं ही त्यातली पहिली.

---

लंडनकर_ओंटारियो

सोपी लीग? एकदा लंडनला या, मग बोलू. 😀

---

मीनल_ऑशवा

डॅनफर्डचं नाव निघालंय तर बोलल्याशिवाय राहवत नाही. ऑशवा जनरल्सचे घरचे सामने आम्ही सगळे मिळून बघतो.

डेटाभट यांच्या पद्धतीने या मुलाला शून्य मार्क पडतील. ड्राफ्टच्या हंगामात ६४ सामन्यांत एक गोल. एकच! ३२ असिस्ट, पण त्यातले पॉवरप्लेच्या सजावटीतले फारसे नाहीत. तरीही लीफ्सनी त्याला पहिल्या फेरीत घेतलं, तेही २३ वरून ३१ वर सरकून, म्हणजे एक जास्तीची निवड पदरात पाडून.

मैदानात बसून डॅनफर्डला बघायचं असेल तर पकवरून नजर काढा. पक आपल्या कोपऱ्यात आला आणि तो उचलायला निघाला की त्याच्या मानेकडे बघा. पकपर्यंत पोचायच्या आधी तो खांद्यावरून मागे वळून बघतो, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. म्हणजे पक स्टिकला लागतो तेव्हा पुढचा पास त्याच्या डोक्यात ठरलेला असतो. ज्युनियरमधले बरेच डिफेन्समन आधी पक घेतात आणि मग माणूस शोधतात. ज्युनियरमध्ये तेवढा वेळ मिळतो. एनएचएलमध्ये तेवढ्यात पाठीत धडक बसलेली असते.

दुसरं म्हणजे समोरून येणाऱ्याशी तो ठेवतो ते अंतर. मागे मागे सरकत आपल्या गोलीच्या मांडीवर जाऊन बसत नाही. ब्लू लाइनवरच (आपल्या भागाच्या सीमारेषेवर) उभा राहतो, आणि समोरच्याला पक आत फेकून द्यावा लागतो. याचा पॉइंट कुणी मोजत नाही.

---

लंडनकर_ओंटारियो

मीनलताई, तुमचं म्हणणं मान्य. तरी एक आठवण करून देतो. २०२४ च्या ओएचएल फायनलमध्ये आम्ही ऑशवाला ४-० ने, आणि यंदा ४-१ ने हरवलं. कोवन विरुद्ध डॅनफर्ड, दोन्ही वर्षं.

---

मीनल_ऑशवा

जखमेवर मीठ चोळायला आलात का? 😀 पण हाच मुद्दा आहे ना, आपल्या पहिल्या फेरीच्या दोन्ही पोरांना एकमेकांविरुद्ध बघायला मिळालं. फायनलमध्ये जिथे जिथे कोवनची ओळ आली तिथे तिथे डॅनफर्डला पाठवत होते. कोचने कुणाला कुणासमोर उभं केलं, हे मी सगळ्यात आधी बघते. कोच मुलाला रोज बघतो. शेवटच्या दोन मिनिटांत एका गोलची आघाडी असताना बर्फावर कोण आहे, यातून कळतं की त्याचा भरवसा कुणावर आहे.

---

गोलकीपरची_आई

मी फक्त गोलींबद्दल लिहिते, कारण माझा मुलगा गोली आहे आणि थंडीतल्या सगळ्या पहाटा मी रिंकच्या बाकांवर काढते.

गोलीला विशीत जोखूच नका. जोसेफ वोल २०१६ ला ड्राफ्ट झाला, तिसऱ्या फेरीत. बॉस्टन कॉलेज, मग मार्लीजमध्ये वर्षानुवर्षं, दुखापती. लीफ्सच्या गोलमध्ये पाय रोवले ते २०२३-२४ मध्ये. अँथनी स्टोलार्झ तर २०१२ चा. गेल्या हंगामात त्याची सेव्ह टक्केवारी .९२६, लीगमध्ये सर्वोत्तम, वय ३१. चार संघ फिरून आलेला माणूस. म्हणून हिल्डेबी २४ चा झाला तरी अजून बॅकअपच का, असं कुणी विचारलं की मला समजत नाही घाई कसली आहे. तो ड्राफ्टच विसाव्या वर्षी झाला.

हिल्डेबीची उंची ६ फूट ७ इंच. लोक म्हणतात जाळं भरून जातं. जातं, पण उंच गोली खाली बसायला आणि परत उठायला वेळ घेतो, आणि पक बाजूला गेला की ते मोठं अंग हलवावं लागतं. त्याला बघताना मी पहिला शॉट बघतच नाही. तो अडवल्यावर पक कुठे गेला ते बघते. कोपऱ्यात गेला तर शाबास, समोर पडला तर दुसरा शॉट ठरलेला. आणि गोल खाल्ल्यानंतरची पुढची दोन मिनिटं बघते. कोच मुलांना हेच शिकवतात, पाणी प्या, खांब स्टिकने ठोका, विसरा.

अख्त्यामोव त्याच्यापेक्षा लहान चणीचा, पण पायांनी चपळ. गेल्या वर्षीच रशियातून मार्लीजमध्ये आला. दोघांतला कोण पुढे जाईल हे मी आज सांगणार नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

---

स्कारबरोचे_नाना

ताई, तुमचा प्रतिसाद कापून ठेवावा असा आहे. यावरून जुनी जखम उघडी पडली. तूका रास्क. २००५ ला आपण पहिल्या फेरीत घेतला, २१ वा. वर्षभरात अँड्र्यू रेक्रॉफ्टसाठी बोस्टनला देऊन टाकला. पुढे काय झालं ते सांगायला नको. गोलीची वाट बघायची तयारी नसेल तर ड्राफ्ट करू नये.

आणि २०११. टायलर बिग्ज हवा म्हणून ३० वी आणि ३९ वी निवड ॲनाहाइमला देऊन आपण २२ व्या क्रमांकावर चढलो. बिग्ज एनएचएलमध्ये एकही सामना खेळला नाही. ॲनाहाइमने त्या दोन निवडींवर रिकार्ड राकेल आणि जॉन गिब्सन घेतले. धिप्पाड अंगाला भुलून केलेली निवड होती ती. धिप्पाड पोरगा ज्युनियरमध्ये लहान पोरांना लोळवतो, आणि वरच्या लीगमध्ये सगळेच धिप्पाड असतात.

---

निळा_सदरा

गिब्सन आणि राकेल. रात्रीची झोप उडवलीत नाना.

---

व्हँकुव्हरची_वैशाली

लीफ्सवाल्यांच्या धाग्यात आगंतुक आहे, तरी अर्शदीप बैन्सबद्दल लिहू द्या. सरीचा मुलगा. ड्राफ्टच्या वयात कुणी विचारलं नाही. २०२१-२२ मध्ये रेड डिअरकडून ११२ पॉइंट करून अख्ख्या डब्ल्यूएचएलमध्ये (पश्चिम कॅनडाची ज्युनियर लीग) पहिला आला, आणि आमच्या व्हँकुव्हर कनक्सनी करार केला. तेव्हा इथेही सगळे डेटाभट यांच्यासारखंच बोलायचे: वय जास्त आहे, मोठ्या वयात लहान मुलांविरुद्ध केलेले पॉइंट. त्यात तथ्य होतंच. पण तो ॲबट्सफर्डला (कनक्सचा एएचएल संघ) गेला, खेळ बदलला, पेनल्टी किल शिकला, एएचएलच्या ऑल-स्टारमध्ये सर्वोत्तम ठरला. या जूनमध्ये ॲबट्सफर्डने शार्लटला हरवून एएचएलचा कॅल्डर कप जिंकला. कोच मॅनी मल्होत्रा.

आमच्या मराठी कुटुंबात त्या रात्री मुलं झोपायला तयार नव्हती. स्वतःसारखी आडनावं जर्सीच्या पाठीवर दिसली की लहान मुलांचं बघणं बदलतं. माझी मुलगी आता शनिवारी स्वतःहून उठते.

माझी कसोटी: मुलगा वरच्या लीगमध्ये गेल्यावर पहिल्या वर्षात काय शिकला? आला तेव्हा जसा होता तसाच राहिला तर थांबा.

---

विरारचा_विन्या

वैशालीताई, हे माहीतच नव्हतं. आपल्याकडे लडाखच्या मुलींनी यंदा आशिया-ओशियानिया स्पर्धेत भारताला कांस्य मिळवून दिलं ते वाचलं होतं. बर्फ कुठे कुठे पोचला!

---

ब्रॅम्प्टनचा_बंड्या

सगळ्यांचे आभार, धागा अपेक्षेपेक्षा कितीतरी पुढे गेला. एक राहिलं, पोरं विकण्याचं. मिंटनला दिला याचं मला वाईट वाटतं.

---

डेटाभट

मलाही वाटतं, पण आपला फॉरवर्ड नीज २०२१ च्या ड्राफ्टमध्ये ५७ वा आला होता. त्याला दर सौद्यात मागत होते. दिला नाही, आणि गेल्या हंगामात त्याने २९ गोल मारले. म्हणजे कुणाला धरून ठेवायचं आणि कुणाला सोडायचं हे ओळखणं हा जोखण्याचाच भाग आहे. मिंटनची उंची, डोकं, दोन्ही बाजूंचा खेळ, सगळं होतं. तो सेंटर (मधला फॉरवर्ड) होता, आणि आपल्याकडे तरुण सेंटर औषधालाही नाही. म्हणून माझ्या मते कोवन जाऊन मिंटन राहिला असता तरी चाललं असतं.

---

लंडनकर_ओंटारियो

हे वाक्य मी स्क्रीनशॉट काढून ठेवतोय.

---

स्कारबरोचे_नाना

या सगळ्या क्रमवारीत एक नाव आपण घेतलं नाही. रोडिऑन अमिरोव, २०२०, १५ वा. ब्रेन ट्यूमर झाला, २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेला. वय २१. आपण पोरांचे आकडे मांडतो, भाव ठरवतो, ते करायलाही हवं. तरी ती पोरं आहेत, एवढं लिहावंसं वाटलं.

---

गोलकीपरची_आई

🙏

---

ब्रॅम्प्टनचा_बंड्या

नाना, बरं झालं लिहिलंत.

क्रम लावायचं मीच सांगितलं होतं, तेव्हा माझा घ्या.

कोवन पहिला. गोल नाही झाले तरी त्याचं काम उरतं, नानांच्या प्रश्नाला तो उत्तर देतो. मात्र ऑक्टोबरात लीफ्सच्या चौथ्या ओळीत आठ मिनिटं खेळवण्यापेक्षा मार्लीजमध्ये वीस मिनिटं खेळवा, पॉवरप्ले आणि पेनल्टी किल दोन्ही. डॅनफर्ड दुसरा, आणि त्याच्याकडून पॉइंटची अपेक्षा कुणी करू नये. हिल्डेबी तिसरा, ताईंच्या सल्ल्याप्रमाणे घाई न करता. अख्त्यामोव चौथा. कोब्लारला मी नीट बघितलेलं नाही, म्हणून क्रमात धरत नाही.

कोठार रिकामं नाही, पण फळ्यांवर अंतरं फार आहेत, आणि पहिल्या दोन ओळींतला सेंटर एकही नाही. ऑफिसात हेच सांगणार.

---

मीनल_ऑशवा

डॅनफर्ड दुसरा? पाच वर्षांनी लीफ्ससाठी सगळ्यात जास्त सामने खेळलेला कोण असेल त्याच्यावर पैज लावता का?

---

लंडनकर_ओंटारियो

लावली. हरलेल्याने कोलिसियममध्ये सगळ्यांना वडापाव आणायचा. रिंकवर बाहेरचं चालत नसेल तर पार्किंगमध्ये.